मोटर एक वाजता बंद व्हायची

"तिसरा नंबर कुणाचा टाकू?" कंपनीच्या माणसाने विचारलं.

विहिरीकाठच्या मोटरच्या खोलीत तो उकिडवा बसला होता. भिंतीवर जुन्या स्टार्टरशेजारी नवी पांढरी पेटी बसवून झाली होती. पेटीत एक सिमकार्ड होतं. तिच्यातून निघालेली एक वायर विहिरीत सोडली होती, ती पाण्याची पातळी सांगणार. दुसऱ्या वायरच्या टोकाची सळई उसाच्या सरीत खोचली होती, ती जमिनीतली ओल सांगणार. मोटर, विहीर आणि जमीन यांची खबर इंटरनेटवरून कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या कॉम्प्युटरकडे जाणार आणि तिथून ती परत आमच्याच गावात, आमच्याच मोबाईलवर येणार, असं त्याने समजावून सांगितलं होतं. घरात बसून मोटर चालू-बंद करता येणार होती.

आप्पा, माझे वडील, खुर्चीवर बसून ऐकत होते. तेव्हा ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. गुडघे गेल्यापासून त्यांचं शेतात येणं थांबलं होतं. त्या दिवशी बाळूने, माझ्या धाकट्या भावाने, त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून आणलं होतं. पहिला नंबर आप्पांचा घातला होता, मालक म्हणून. दुसरा बाळूचा.

मी दारात उभा होतो. सांगायला अजून लाज वाटते, पण तो प्रश्न ऐकताच मी खिशातून माझा मोबाईल काढला होता. माझा नंबर मला पाठ नव्हता. विचारला तर पटकन वाचून दाखवता यावा म्हणून मी तो उघडूनही ठेवला होता.

"पद्माचा घाल," आप्पा म्हणाले. पद्मा म्हणजे बाळूची बायको.

"अजून दोन बसतात, आजोबा. पाच जागा आहेत."

"ऱ्हाऊ दे रिकाम्या."

"आणि ह्यांचा?" त्याने माझ्याकडे बघितलं.

"त्येला कशाला? त्येला वाचू दे की निवांत."

"दादाकडं मोटर दिली तर तो आधी तिच्यावर नंबर चिकटवंल," बाळू हसत म्हणाला, "आणि पाणी पाजून झालं की म्हणंल, सात दिवसांत परत आणून द्या."

सगळे हसले. मीही हसलो आणि मोबाईल खिशात ठेवला. जाताना त्या माणसाने पेटीचं माहितीपुस्तक काढलं तेव्हा आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ते भूपालला द्या. पुस्तक हाय."

मी चौतीस वर्षं सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न राहून गेलं. निवृत्त झाल्यावर मिरजेजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा बाळूने मधली खोली माझ्यासाठी रंगवून ठेवली होती आणि पुस्तकांसाठी फळ्या मारल्या होत्या. त्याने माझं काही वाईट केलं असं मी म्हणूच शकत नाही. तेच मला जड जायचं. तो वाईट असता तर बरं झालं असतं, असं मी कितीदा मनात म्हटलं असेल.

आप्पा आणि बाळू चाळीस वर्षं एका शेतात राबले होते. त्यांना एकमेकांशी फार बोलावं लागत नसे. "वरचं?" असं आप्पांनी विचारलं की बाळू "उद्या" म्हणायचा आणि आप्पा मान हलवायचे. वरचं काय, उद्या काय, हे मला कळायचं नाही. विचारलं तर दोघंही मला समजावून सांगायला लागायचे, पाहुण्याला सांगतात तसं.

मला वाटलं होतं, पेटी आल्यावर हे कमी होईल. आता यंत्रच बोलणार, आणि यंत्राचं पुस्तक तर माझ्या हातात होतं. मी ते तीनदा वाचलं. मराठी भाषांतर वाईट होतं, पण कुठल्या दिव्याचा काय अर्थ, कुठली सूचना कशी द्यायची, हे घरात मला एकट्याला नीट माहीत होतं. मला कुणी काही विचारलं नाही. आप्पांना पुस्तकाची गरजच पडली नाही. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद, एवढं त्यांना पुरलं. पेटी जोडली गेली होती तीही त्या दोघांनाच.

पेटीत एका बाईचा आवाज होता. वीज आली, गेली किंवा दुसऱ्या कुणी मोटर चालू केली की मालकाच्या मोबाईलवर फोन यायचा आणि ती बाई काय झालं ते सांगायची. आप्पा कट्ट्यावर बसून मोबाईल कानाला लावायचे, शेवटपर्यंत ऐकायचे आणि "हां बाई" म्हणून ठेवून द्यायचे. दिवसातून सात-आठ वेळा. मी आतल्या खोलीत वाचत असायचो. त्या घंटीची मला इतकी सवय झाली की ती वाजल्याचं लक्षातही येत नसे.

आणि मग ते जेवणाचं सुरू झालं.

बाळू शेतात मोबाईल मोटरच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवायचा. त्यामुळे दुपारी फोन केला तरी त्याला ऐकू जात नसे. पद्मा चिडायची, भाकरी गार व्हायच्या. एक दिवस आप्पांनी एक वाजता लाल बटण दाबलं. दहा-पंधरा मिनिटांनी बाळू हसत अंगणात आला.

"आप्पा, पाणी तोडून जेवाय बोलवायलायसा व्हय?"

"मग? आलास का न्हाई?"

"दांडातलं पाणी आटलं, मला वाटलं लाईट गेली. बघतोय तर लाईट हाय. तवा म्हटलं, हे आप्पांचंच काम."

आप्पा तोंडावर हात धरून हसत होते. त्यांना इतकं हसताना मी कधी बघितलं होतं, आठवत नाही. मी बाजूला ताट घेऊन बसलो होतो. दीड तास मी त्यांच्यासोबत होतो आणि आमच्यात दोन वाक्यंही झाली नव्हती.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. एक वाजला की आप्पा लाल बटण दाबणार. तिकडे दांड, म्हणजे पाण्याचा पाट, कोरडा पडणार. बाळू घरी येणार. तो येईपर्यंत आप्पा घास घेणार नाहीत. जेवण झालं की बाळू शेतात जाऊन मोटर चालू करणार. मी रोज एक वाजता ताटावर आप्पांच्या समोर बसायचो आणि आम्ही दोघं बाळूची वाट बघायचो.

एका सकाळी आप्पा आंघोळीला गेले असताना मी त्यांचा मोबाईल घेतला. पुस्तकाच्या अकराव्या पानावर नवा नंबर कसा जोडायचा ते होतं. मालकाच्या मोबाईलवरूनच जोडता येत होता. दोनदा माझं बटण चुकलं. आयुष्यात मी कुणाचं पत्रही न विचारता उघडलं नव्हतं. दोन मिनिटांत माझ्या मोबाईलवर संदेश आला, आपला क्रमांक जोडण्यात आला आहे. नावाच्या जागी मी काहीच लिहिलं नाही. आप्पांच्या मोबाईलवरचा संदेश पुसून टाकला आणि मोबाईल होता तिथे, होता तसाच पालथा ठेवला.

त्यानंतरचे तीन महिने मी वाचत बसलोय असं घरात सगळ्यांना वाटायचं. मी वाचतच होतो, पण पुस्तक नव्हे. माझ्या मोबाईलवर रोजची यादी येत होती. चालू: बाळू, सात वाजून दहा. पाण्याची पातळी अमुक फूट. ओल इतकी. बंद: आप्पा, एक वाजून एक. चालू: बाळू, दोन वाजून वीस. एखाद्या दिवशी बंद: आप्पा, बारा वाजून पन्नास असायचं, आणि मी चडफडायचो. दहा मिनिटंही धीर नाही! एखाद्या दिवशी एक वाजून पाच झाले तरी नोंद आली नाही की मला बरं वाटायचं. मग ती यायचीच. एकदा दुपारी चार वाजता आप्पांनी मोटर बंद केली, लगेच बाळूने चालू केली, आप्पांनी पुन्हा बंद केली, बाळूने पुन्हा चालू केली. दोघंही खेळत होते. एक सत्त्याऐंशी वर्षांचा, एक एकोणसाठ वर्षांचा. मी ती यादी कितीदा वर-खाली केली ते सांगत नाही. लहानपणी आप्पा बाळूला खांद्यावर घेऊन विहिरीवर निघायचे आणि मी पाटी-पुस्तक घेऊन शाळेला, तेव्हा वळणावर मी मागे बघायचो. तेच पुन्हा चाललं होतं, फक्त आता माझं वय चौसष्ट.

त्या फेब्रुवारीत माझा एक लेख छापून आला. सांगलीहून निघणाऱ्या एका छोट्या मासिकात, तीन पानं. ग्रंथालयातल्या जुन्या कार्डांच्या कपाटावर. एका पुस्तकाची तीन-तीन कार्डं, एकमेकांची नावं सांगणारी, असं काहीतरी होतं. आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं माझं नाव. टपालाने अंक आला तो मी सकाळभर खोलीत ठेवला. कुणाला दाखवावा की नाही ते ठरत नव्हतं. साडेबाराला मात्र मी तो घेऊन कट्ट्यावर आलो.

"आप्पा, माझं जरा छापून आलंय."

"व्हय? वाच बघू."

मी वाचायला लागलो. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे कार्ड बघून पुस्तक कुठल्या फळीवर हाय ते कळायचं?" मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली. मला घाम फुटला होता, पण आनंदाने. मी दुसऱ्या पानावर आलो. तिथे एक परिच्छेद होता, तो मी कपाटाचं निमित्त करून आप्पांवर लिहिला होता. लहानपणी माझं पहिलं पुस्तक त्यांनी मिरजेच्या बाजारातून धोतराच्या सोग्यात बांधून आणलं होतं, ते. त्यांना न सांगता लिहिलं होतं. माझा आवाज जरा चढला.

"थांब हं, भूपाल," आप्पा म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि शेजारचा मोबाईल उचलला. "बाळूला बोलावतो आधी. भुकेजला असंल."

त्यांनी लाल बटण दाबलं. मोबाईल खाली ठेवला. "हां, आता वाच."

"असू दे," मी म्हणालो. "नंतर वाचतो."

मी उठून खोलीत गेलो. अंक फळीवर ठेवला. माझ्या मोबाईलवर नोंद आली होती, बंद: आप्पा, एक वाजून तीन. त्या ओळीकडे मी बघत राहिलो. मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं, एक दिवस त्याने येऊ नये. पाटाला पाणी परत सुरू झालं तर त्याला वाटेल, आप्पांनी बेत बदलला, आणि तो पाणी पाजत राहील. आप्पा वाट बघून कंटाळतील. मग ताटावर आम्ही दोघंच असू आणि मी राहिलेलं वाचीन. एवढंच. याहून वाईट माझ्या मनात काही नव्हतं. पण यात चांगलंही काही नव्हतं.

मी हिरवं बटण दाबलं. एक वाजून सात मिनिटं झाली होती.

बाहेर आप्पांचा मोबाईल वाजला. नेहमीसारखाच. आप्पांनी तो कानाला लावला असावा. "हां बाई" मात्र ऐकू आलं नाही. त्याऐवजी "अरे" एवढंच आलं आणि मोबाईल फरशीवर पडल्याचा आवाज. मग आप्पांची हाक, अशी की मी आयुष्यात ऐकली नव्हती.

"पद्मा! पळ! मोटरकडं पळ!"

मी बाहेर आलो. आप्पा कट्ट्यावरून खाली उतरू बघत होते, त्यांचे गुडघे उचलत नव्हते. मोबाईल खाली पडला होता, तो उचलून त्यांनी लाल बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिले. पद्मा चपला न घालता धावत सुटली होती.

"काय झालं आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. माझा मोबाईल माझ्या हातात तसाच होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"माझा हात चुकला," ते म्हणाले. "माझ्या हातनं परत चालू झाली."

आमचा पंप जुना होता. मोटर आणि पंप यांना जोडणारं कपलिंग उघडंच फिरायचं आणि त्याच्याजवळच्या, पाणी अडवायच्या ग्लँडमधून पाणी ठिबकायचं. ग्लँडचे नट रोज थोडे आवळावे लागत. मोटर फिरत असताना ते करता येत नाही. म्हणून बाळू ते दुपारी करायचा. आप्पांनी एकला मोटर बंद केली की आधी नट आवळायचे, बोटाने ग्रीस भरायचं, हात पुसायचे आणि जेवायला निघायचं. मेन स्विच पाडून वीज मात्र तो तोडायचा नाही. आप्पांनी बंद केलेली मोटर तो स्वतः परत येईपर्यंत चालू होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. चार महिन्यांत एकदाही झाली नव्हती. आप्पांनाही ठाऊक होतं, तो त्या वेळी काय करतो ते. मला ठाऊक नव्हतं. मी पुस्तक तीनदा वाचलं होतं, पण मोटर बंद असताना तिथे काय चालतं ते बघायला कधी गेलो नव्हतो.

बाळूच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि शेजारचं बोट राहिलं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला मिरजेला नेलं. आप्पा हट्टाने सोबत गेले. घरात मी एकटा होतो. आप्पांचा मोबाईल कट्ट्यावर राहिला होता. काचेला तडा गेला होता, पण तो चालत होता. मी त्यातून माझा नंबर काढून टाकला. मग माझ्या मोबाईलवरची सगळी यादी पुसली. हे करताना माझं एकही बटण चुकलं नाही. तेही सांगायला हवं.

बाळू दहा दिवसांनी घरी आला. हाताला मोठं बँडेज. भेटायला येणाऱ्यांना तो सांगायचा, "चूक माझीच. मेन पाडायला पाहिजे होता." आणि आप्पा कट्ट्यावरून म्हणायचे, "चूक माझी. म्हाताऱ्या माणसानं असली खेळणी हातात घेऊ नयेत. माझ्या हातनं लेकराची बोटं गेली." येणारे दोघांचीही समजूत घालायचे. मी पाण्याचे तांबे नेऊन द्यायचो. आप्पांना खरंच तसं वाटतंय, असं मला वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाला आपण बटण दोनदा दाबलं की एकदा, काय आठवणार? आणि, हे लिहून टाकतो, पहिले काही दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. मग तसं वाटेनासं झालं.

आप्पांनी पुन्हा मोबाईलला हात लावला नाही. दुपारी पद्मा चालत शेतात जाऊन बाळूला बोलावून आणू लागली. आप्पा दिवसेंदिवस गप्प होत गेले. मी तीनदा सांगायचं ठरवलं. पहिल्यांदा कट्ट्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा मी "आप्पा, त्या दिवशी" एवढं म्हणालो, तोच ते म्हणाले, "भूपाल, तुझं ते वाचायचं राहिलंय की. आण ते."

मी अंक आणला. त्यांनी मला पहिल्यापासून वाचायला लावलं. धोतराच्या सोग्याचा परिच्छेद आला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते. एक वाजून गेला होता. पद्माने आतून दोनदा जेवायला हाक मारली. त्यांनी हाताने तिला थांबवलं आणि मला म्हणाले, "पुढचं वाच." मी शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिवलंयस," ते म्हणाले. "पण ते पुस्तक मिरजेच्या बाजारातलं न्हवं. जयसिंगपूरचं."

तिसऱ्यांदा सांगायचं ठरवलं तेव्हा त्यांना ऐकू येण्यासारखं राहिलं नव्हतं. ऑक्टोबरात ते गेले.

महिन्याभराने बाळूने तडा गेलेला तो मोबाईल माझ्यासमोर ठेवला.

"दादा, आप्पांचं सिम आता बंद होणार. पेटीला मालकाचा नंबर दुसरा द्यायला पाहिजे. तुझा घालूया."

"माझा? माझा कशाला? तुझा घाल."

"माझा हाय की दुसरा. मालक घरात बसणारा पाहिजे. आणि मला दुपारी बोलवायचं कुणी? पद्माचे पाय दुखायलेत आता."

"मला नको बाळू. मला जमणार नाही."

"पुस्तक तूच वाचलंयस की," तो म्हणाला. "आम्ही कुठं वाचलंय?"

त्याने दोन बोटांनी मोबाईल धरून माझा नंबर घातला. त्याला तो पाठ होता.

दुसऱ्या दिवसापासून एक वाजला की मी लाल बटण दाबू लागलो. दाबून झालं की मोबाईल दुसऱ्या खोलीत नेऊन उशीखाली ठेवायचो आणि बाळू अंगणात दिसेपर्यंत त्या खोलीत जायचो नाही. तो आला की पहिलं विचारायचो, "मेन पाडला होतास ना?" तो म्हणायचा, "पाडला की." दिवसातून अनेकदा ती बाई मला फोन करायची. तेव्हा मी पहिल्यांदा ती काय बोलते ते नीट ऐकलं. "मोटर चालू करण्यात आली आहे. चालू करणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे," असं म्हणून ती एक-एक आकडा सावकाश सांगायची.

मी फळीवरून माहितीपुस्तक काढलं. एकोणिसाव्या पानावर ते होतं. मी तीनदा वाचलेल्या पानावर.

त्या रविवारी मी पावणेएकला शेताकडे चालत निघालो. मोबाईल खिशात होता. दांडाच्या कडेला उभा राहून, एक वाजता, मी लाल बटण दाबलं. पाणी हळूहळू बारीक होत थांबलं. मी मोटरच्या खोलीशी गेलो.

बाळू दाराकडे पाठ करून बसला होता. डावा हात ग्लँडवर, कपलिंगला टेकलेला. उजव्या हाताच्या दोन बोटांत पाना. भिंतीवरचा मेन स्विच वरच होता. पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

मला ओरडायचं होतं, पण तो दचकेल म्हणून मी ओरडलो नाही. "बाळू, मेन," मी म्हणालो.

"आलास?" त्याने मागे बघितलं नाही. "तू बंद केलीस न्हवं?"

"हो."

"मग कशाला पाडायचा?"

"बाळू, त्या दिवशी आप्पांनी नाही..."

"ठावं हाय." तो नट आवळत होता. "बाईनं आप्पांना आकडे सांगितले. आप्पांनी मला दवाखान्यात सांगितलं, पहिल्याच दिवशी. म्हणाले, मी केली म्हणून सांगणार हाय, तूपण तेच धर."

मी दारातल्या दगडावर बसलो.

"तू काय म्हणालास?"

"मी? मी लई शिव्या दिल्या तुला. आप्पांना बी दिल्या. म्हटलं, माझी बोटं गेली आणि तुम्ही त्येला झाकायलाय." पाना खाली ठेवून त्याने डब्यातलं ग्रीस डाव्या हाताच्या बोटावर घेतलं. "ते म्हणाले, तुझी बोटं गेली ती गेली. त्येचं घर जाऊ नये."

विहिरीत पारवे घुमत होते. मोबाईल माझ्या हातात होता आणि अंगठा त्याच्या काचेच्या किती जवळ आहे हे मला एकदम जाणवलं. मी तो दोन्ही हातांनी कडेकडेने धरला.

"जरा सरक, उजेड अडलाय," बाळू म्हणाला. "आणि दादा, खोकला आला तर तो मोबाईल खाली ठेवून खोक."

मी मोबाईल दगडावर पालथा ठेवला, सरकून उजेड मोकळा केला आणि त्याचं ग्रीस भरून होईपर्यंत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो.